सोळा जानेवारीला कोण हरले?

डिचोलीच्या आमच्या घरात वर्तमानपत्र आले की मी आधी दिनविशेषाचा चौकोन वाचतो. जुनी खोड आहे. १६ जानेवारीला त्या चौकोनात, वर्तमानपत्राचा कल कुठे आहे त्यानुसार, दोनपैकी एक ओळ असते. एक ओळ १६८१ ची: छत्रपती संभाजी महाराजांचा रायगडावर राज्याभिषेक. दुसरी १९६७ ची: गोवा महाराष्ट्रात विलीन करावा का, यावर गोव्यात जनमत कौल. दोन्ही ओळी शेजारी शेजारी छापलेल्या मी क्वचितच पाहिल्या. फोनवरही तीच गत. साडेसात वाजेपर्यंत फोंड्याच्या मावसभावाकडून भगव्या पार्श्वभूमीवर शंभूराजे आलेले असतात आणि मडगावच्या जुन्या सहकाऱ्याकडून ‘अस्मिताय दिसाचीं परबीं’, म्हणजे कौलाच्या दिवसाच्या, अस्मिता दिनाच्या, शुभेच्छा. नऊ वाजता कुणीतरी विचारतो की ज्या दिवशी गोव्याने मराठीला लाथाडले तो दिवस साजरा करायला लाज कशी वाटत नाही. सव्वानऊला उत्तर येते, की रायगडावरच्या राज्याभिषेकाशी मडगावकडच्या साष्टीचा काय संबंध? दुपारच्या जेवणापर्यंत दोन्हीकडची जुनी उणीदुणी काढून झालेली असतात, आणि १७ तारखेला सगळे पुन्हा गप्प.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. १६ जानेवारी १९६७ ला कोकणी जिंकली नाही आणि मराठी हरली नाही. त्या दिवशी गोव्यातल्या माणसाला, आयुष्यात पहिल्यांदा आणि आजवर शेवटचे, कुणीतरी विचारले की तुझ्या भूमीचे काय करायचे. त्याने उत्तर दिले. मी ‘फूल’वाल्यांच्या, म्हणजे विलीनीकरण मागणाऱ्यांच्या, घरातला आहे, माझ्या आजोळी त्या दिवशी चार मते पडली, त्यातली तीन नक्की विलीनीकरणाला होती. (चौथ्याविषयी अजून वाद आहे. आजीला कुणी विचारले की ती विड्याला चुना लावत म्हणे, “फूल फाल्यां बावतलें, पानां उरतलीं,” म्हणजे फूल उद्या कोमेजेल, पाने उरतील, आणि पुढे बोलत नसे.) तरीही मी म्हणतो की हा दिवस माझाही आहे. तो ज्यांनी स्वतःच्या एकट्याच्या नावावर करून घेतला ते चुकतात, आणि ज्यांनी रुसून तो टाकून दिला ते त्याहून जास्त चुकतात.

आधी कागद पाहू, कारण या वादात मतपत्रिकेवर काय होते हे फार थोड्यांना ठाऊक असते. पर्याय दोन होते. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचे, म्हणजे ‘फूल’. किंवा संघप्रदेश म्हणून दिल्लीच्या अखत्यारीत राहायचे, म्हणजे ‘दोन पाने’. स्वतंत्र घटकराज्य हा पर्यायच नव्हता. भाषेचा प्रश्न नव्हता. एकूण ३,८८,४३२ मतदार. मते पडली ३,१७,६३३. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०, फरक ३४,०२१. सात हजारांवर मते बाद ठरली. शेकड्याच्या हिशेबात ५४ आणि साडेत्रेचाळीस. १७,०११ माणसांचा हात पानांवरून फुलावर गेला असता तर आज माझ्या गाडीच्या नंबरप्लेटवर वेगळी अक्षरे असती. आणि घरी बसलेले मतदार होते सत्तर हजारांहून अधिक. इतक्या अटीतटीच्या निकालाला एखाद्या समाजाचा सनातन आत्मा वगैरे म्हणणे मला धाडसाचे वाटते.

आता अस्मिताय दिन मानणाऱ्यांची सर्वांत भक्कम बाजू, आणि ती मी मान्यच करतो. त्या दिवशी फूल जिंकले असते तर पुढचे काहीच घडले नसते. ३० मे १९८७ चे घटकराज्य नाही, ४ फेब्रुवारी १९८७ ला विधानसभेने संमत केलेला राजभाषा कायदा नाही, २० ऑगस्ट १९९२ ला आठव्या परिशिष्टात कोकणीचा समावेशही नाही. कोकणी ही मराठीची बोली असे ज्या काळी मोठमोठे विद्वान छातीठोकपणे सांगत, त्या काळी महाराष्ट्राच्या एका कोपऱ्यातल्या जिल्ह्यात ती राजभाषा झाली असती, यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. शेजारचा सिंधुदुर्ग पाहावा. २८८ आमदारांच्या विधानसभेत त्याचे तीन. आमचे चाळीस आमदार आपापसांत कितीही भांडोत, ते इथेच पर्वरीच्या विधानसभेत भांडतात. गाऱ्हाणे घेऊन मुंबईची गाडी पकडावी लागत नाही. हे सगळे १६ जानेवारीमुळे शक्य झाले, यात शंका नाही.

पण एखादी गोष्ट शक्य झाली म्हणून तिच्यासाठीच मत पडले होते, असे होत नाही. दोन पानांवर शिक्का मारणाऱ्याने कोकणीला मत दिले असे म्हणायचे, तर फुलावर शिक्का मारणाऱ्याची घरची भाषा कुठली होती? पेडणे, डिचोली, सत्तरीत ज्या बायकांनी फुलाला मत दिले त्या मतदानकेंद्राच्या रांगेत काय मराठीत बोलत होत्या? माझी आजी आयुष्यभर कोकणीत भांडली, कोकणीत रडली, आणि ज्ञानेश्वरी मराठीत वाचून घेतली. तिला कुणी सांगितले असते की यातली एक भाषा निवड, तर तिने त्याला आधी पाणी विचारले असते, ऊन लागले असेल म्हणून. गोव्यातल्या हिंदू घरांत या दोन भाषा स्वयंपाकघर आणि देवघर यांसारख्या नांदल्या. त्यांच्यात भिंत असेल, पण घर एकच.

शिवाय कोकणीच जिंकली असेल तर ती कुणाची कोकणी? साष्टी-तिसवाडीच्या ज्या ख्रिस्ती मतदारांनी दोन पानांचा मोठा भार उचलला, त्यांची कोकणी रोमी लिपीतली. वीस वर्षांनी कायदा आला तेव्हा कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी अशी व्याख्या झाली, आणि मराठीलाही सरकारी कामकाजात वापराची मुभा राहिली. रोमी लिपीवाले आजही दारात उभे आहेत. ज्यांच्या मतांवर हा विजय मिळाल्याचे सांगतात त्यांचीच लिपी घराबाहेर, आणि जी हरली म्हणतात ती मराठी ओसरीवर पाय पसरून बसलेली. असा विजयोत्सव साजरा करताना आवाज थोडा खाली ठेवावा, इतकेच माझे म्हणणे.

एक गंमत तर दोन्हीकडचे लोक सोयीस्करपणे विसरतात. विलीनीकरणाविरुद्धची हिंदू समाजातली लढाई प्रामुख्याने मराठीतून लढली गेली. मडगावहून निघणारे ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठी होते. चंद्रकांत केणी ते चालवत आणि उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यात मराठीतूनच येई. पणजीचा ‘गोमंतक’ विलीनीकरणाच्या बाजूने, तोही मराठी. म्हणजे सकाळी चहाच्या दुकानात दोन मराठी वर्तमानपत्रे एकमेकांचे वाभाडे काढत होती आणि कोकणीत बोलणारी माणसे ती वाचून मन बनवत होती. ख्रिस्ती लोकसंख्या तेव्हा चाळीस टक्क्यांच्या आत होती, त्यामुळे ५४ टक्क्यांचा आकडा हिंदू मतांशिवाय गाठताच येत नाही. ही हिंदू मते कुठल्या भाषेतल्या युक्तिवादाने वळली? विरोधी पक्षनेते जॅक सिक्वेरांची कोकणीतली भाषणे सगळीकडे गाजली, हे खरे. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर दिल्लीत खिंड लढवत राहिले, हेही खरे. पण फोंडा-म्हापशाच्या वाचणाऱ्या माणसाला पटवले ते मराठी गद्याने. मराठी हरली म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की त्या दिवशी दोन्ही बाजूंची वकिली मराठीच करत होती.

आता माझ्या घरातल्या गाऱ्हाण्याकडे वळतो. ते हसण्यावारी नेण्याची सवय मडगाव-पणजीच्या सुशिक्षितांना आहे आणि तिचा मला राग येतो. विलीनीकरण मागणारे लोक मुंबईच्या नादी लागलेले भाबडे नव्हते. बहुजन समाजाला गोव्यात भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, भीती होती. ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला ती कुळाची नव्हती, भाटकाराच्या जमिनीवर ज्या खोपीत मुंडकार राहत होता ती त्याची नव्हती. पोर्तुगीज गेल्यावर सत्ता शिकल्यासवरल्या वरच्या जातींच्या आणि इंग्रजी-पोर्तुगीज जाणणाऱ्या घराण्यांच्या हातात जाणार, हा अंदाज बरोबर होता. मोठ्या महाराष्ट्रात शिरलो तर हे भाटकार लहान होतील, असा तो हिशेब. त्या हिशेबाला गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या रूपाने चेहरा मिळाला. गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, १९६४ चा कूळ कायदा आला. आणि मराठीचे म्हणाल, तर पोर्तुगीज अमलात ज्या भाषेत कीर्तन झाले, आरती झाली, देवळासमोर रात्रभर नाटक झाले, त्या भाषेला ‘बाहेरची’ म्हणताना लोकांची जीभ कशी रेटते हे मला अजून कळलेले नाही. हे सगळे दुःख अस्सल आहे. त्याला उत्तर देताना ‘तुम्ही तर महाराष्ट्राचे गुलाम व्हायला निघाला होता’ असे म्हणणारा माणूस वाद जिंकत नाही, फक्त समोरच्याला उठवून लावतो.

पण अस्सल दुःखातून निघालेला प्रत्येक निष्कर्ष अस्सल असतोच असे नाही. आमच्याकडे तीन गोष्टी सांगतात. पहिली: विधानसभेने १९६५ मध्ये विलीनीकरणाचा ठराव केला होता, बहुमताचे सरकार होते, मग वेगळा कौल कशाला? हा डाव दिल्लीने टाकला. दुसरी: मतदानच लबाडीचे होते. तिसरी: मराठी माणसाला फसवून हरवले.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. निवडून आलेल्या सभागृहाचा ठराव बाजूला ठेवून थेट लोकांकडे जाणे हे संसदीय पद्धतीत सहजासहजी करू नये. पण आमदार कशासाठी निवडून येतो? रस्त्यासाठी, जातीसाठी, उमेदवाराच्या बापाच्या पुण्याईसाठी. प्रदेशाचे अस्तित्वच मिटवायचे किंवा ठेवायचे, असा एकदाच घ्यायचा आणि पुन्हा न उलटणारा निर्णय त्या बहुमतावर सोडावा का? १९६५ मध्ये हा प्रश्न तात्त्विक वाटला असेल. सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसचे अकरापैकी आठ आमदार एका सकाळी भाजपमध्ये जाऊन बसलेले आपण पाहिले. त्याआधी जुलै २०१९ मध्ये पंधरापैकी दहा. अशा सभागृहाच्या हाती गोव्याचा नकाशा द्यायला आज कोण मराठीप्रेमी तयार होईल? हात वर करावा.

लबाडीच्या आरोपाबद्दल थोडक्यात. गोव्याबाहेरच्या, विशेषतः मुंबईतल्या कुडींत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहणाऱ्या गोमंतकीयांना मत द्या ही मागणी विलीनीकरणाच्या विरोधकांची होती आणि ती मान्य झाली नाही. ज्याच्या मनासारखी मतदारयादी झाली नाही तोच जिंकला, तर डाव कुणी कुणावर टाकला? मतदान निःपक्ष व्हावे म्हणून बांदोडकरांचे सरकार ३ डिसेंबर १९६६ लाच पायउतार झाले होते, ही गोष्ट खरी. पण त्यामुळे ‘आमच्या हातातली सत्ता काढून घेतली’ असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच नेत्याचा मोठेपणा कमी केला आहे. त्याविषयी शेवटी बोलू.

आणि फसवणुकीच्या गोष्टीला मार्च १९६७ चा आकडा एका फटक्यात उत्तर देतो. कौल झाला जानेवारीत. सव्वादोन-अडीच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली. त्याच मतदारांनी, त्याच केंद्रांवर, विलीनीकरण ज्याच्या जाहीरनाम्याचे पहिले वाक्य होते त्या बांदोडकरांच्या मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाला तीसपैकी सोळा जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसवले. बांदोडकर १२ ऑगस्ट १९७३ ला गेले ते मुख्यमंत्री म्हणूनच. आता याचा अर्थ काय लावायचा? लोक बावळट होते म्हणून एकदा पान आणि एकदा मगोचा सिंह? की लोकांना दोन प्रश्नांतला फरक नेमका कळत होता: भाऊ आमचा, राज्य तो करील, पण घर मोडून शेजाऱ्याच्या घरात राहायला जायचे नाही? मला दुसरा अर्थ पटतो. ज्या मतदाराला एवढा बारीक फरक करता आला तो फसवला गेला म्हणणे हा त्याचाच अपमान आहे, आणि हा अपमान करतात कोण, तर बहुजनांच्या बाजूने बोलतो म्हणणारे.

आमच्या बाजूच्या लोकांना माझा आणखी एक प्रश्न आहे, आणि तो मी चोर्ला घाट ओलांडून आणतो. माझी चुलतबहीण खानापुरात दिली आहे. तिच्या सासऱ्यांशी एकदा हा विषय निघाला. मी आपला ३४ हजार मतांचे रडगाणे गात होतो. ते शांतपणे सुपारी कातरत म्हणाले, “तुम्हाला निदान विचारलं तरी.” मी गप्प झालो. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी माणसाला १९५६ पासून आजवर कुणी विचारलेले नाही. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने जी चार तत्त्वे मांडली ती शाळेतल्या पोरालाही पाठ असायची: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा. गोव्यात कौलाची धामधूम सुरू होती त्याच हिवाळ्यात सीमावादावरचा महाजन आयोग काम करत होता, आणि आयोगाने काय केले हे सर्वांना माहीत आहे. आता मला सांगा, बेळगावात लोकेच्छा हे पवित्र तत्त्व आणि गोव्यात तीच लोकेच्छा व्यक्त झाली की तो दिल्लीचा डाव, हे कसे? जे तत्त्व आपण घाटाच्या वर मागतो ते घाटाच्या खाली नाकारले, तर वर मागण्याचा अधिकार काय उरला? मराठी माणसानेच खरे तर १६ जानेवारी जगाला दाखवायला हवा होता: बघा, असे विचारतात; आमच्या सीमाभागातही असेच विचारा.

कौलाचा नकाशा डोळ्यांसमोर आणला तर वादाची आणखी एक गाठ सुटते. फुलाचा जोर पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत; पानांचा जोर साष्टी, तिसवाडी, मुरगावात. हा नकाशा १९६७ मध्ये कुणी रंगवला नाही. तिसवाडी पोर्तुगिजांच्या हाती गेली १५१० साली, बार्देश आणि साष्टी १५४३ मध्ये. फोंडा आला १७६३ मध्ये, डिचोली-सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास, पेडणे तर १७८८ मध्ये. साष्टीच्या माणसाने चारशेहून अधिक वर्षे जे सोसले आणि पचवले त्यातली पहिली अडीच शतके पेडण्याच्या वाट्याला आलीच नाहीत. इन्क्विझिशनचा वरवंटा, देवळे पाडणे, सक्तीचे धर्मांतर यांचा कहर जुन्या काबिजादीत, म्हणजे आधी जिंकलेल्या मुलखात, झाला. नव्या काबिजादीचा करार झाला तोच मुळी देवस्थाने आणि रीतिरिवाज राखण्याच्या हमीवर. म्हणून पेडण्याचा माणूस सावंतवाडीकडे पाहताना सीमा पाहत नव्हता, सोयरिक पाहत होता. साष्टीच्या माणसाला तीच सीमा म्हणजे आपण टिकलो याची खूण होती. दोघेही आपापल्या इतिहासाशी प्रामाणिक राहिले. एकाला राष्ट्रवादी आणि दुसऱ्याला पोर्तुगीजधार्जिणा ठरवून आपण काय मिळवले?

आणि हे सांगताना त्या चौकोनातली दुसरी ओळ आठवते, १६८१ ची. तिला कौलाशी भिडवणाऱ्यांनी तिच्यामागे पुढे काय झाले ते वाचले असते तर बरे झाले असते. राज्याभिषेकानंतर तिसऱ्या वर्षी, १६८३ च्या पावसाळ्यानंतर, पोर्तुगीज विजरई (व्हाइसरॉय) कोंद द आल्वोर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून आला. संभाजी महाराज स्वतः धावून आले, विजरईला मागे हटावे लागले. २४ नोव्हेंबरला मराठ्यांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला. जुने गोवे तिथून नदीपलीकडे, हाकेच्या अंतरावर. विजरईची अशी पाचावर धारण बसली की त्याने जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये जाऊन सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवला: आता तूच सांभाळ. पुढे मोगलांची फौज कोकणात उतरली आणि मराठ्यांना वेढा उठवून जावे लागले. इथपर्यंत गोष्ट शाळेत सांगतात. पुढचे पान सांगत नाहीत. याच कोंद द आल्वोरने, त्यानंतर सात महिन्यांनी, २७ जून १६८४ ला फर्मान काढले की इथल्या ख्रिस्ती प्रजेने देशी भाषा सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावे. ही देशी भाषा म्हणजे कोकणी.

आता विचार करा. शंभूराजांनी ज्याला राजदंड टाकायला लावला, त्याच माणसाने कोकणीच्या गळ्याला नख लावले. या दोन ओळी दोन छावण्यांत वाटल्या गेल्या, ही आपली करामत. साष्टी-बार्देशात मराठ्यांच्या फौजा घुसल्या तेव्हा तिथली गावे लुटली गेली, तिथल्या ख्रिस्ती घरांत त्याची आठवण वेगळी आहे, हे मी लपवत नाही. सतराव्या शतकातली कुठलीच फौज फुले वाटत जात नव्हती. पण म्हणून संभाजी महाराजांना मराठीचा झेंडा आणि कौलाला कोकणीचा झेंडा करून एकमेकांवर उगारणे म्हणजे दोन्ही घटनांना त्यांच्या जागेवरून उपटणे आहे. १६८१ मध्ये राजभाषा हा प्रश्न कुणासमोर नव्हता. १९६७ मध्येही नव्हता. तो आपल्यासमोर आहे, आणि आपल्याला तो इतिहासाच्या तोंडून सोडवून घ्यायचा आहे, स्वतः बोलायला नको म्हणून.

स्वतंत्र भारतातला हा एकमेव जनमत कौल असे भाषणांत सांगतात. तेही अचूक नाही, आणि ही चूक दुरुस्त केली तर गोव्याची थोरवी उलट वाढते. जुनागढमध्ये फेब्रुवारी १९४८ ला सार्वमत झाले, पाकिस्तानला मते पडली फक्त ९१. चंद्रनगरमध्ये १९४९ ला ७,४६३ विरुद्ध ११४. सिक्कीममध्ये एप्रिल १९७५ ला ५९,६३७ विरुद्ध १,४९६. अशा निकालांत हरणारा उरतच नाही. त्याच्याशी दुसऱ्या दिवशी कसे वागायचे हा प्रश्न पडत नाही. गोव्यात दर शंभरातले त्रेचाळीस-चव्वेचाळीस हरले, आणि ते शेजारच्याच घरात राहत होते. एकाच तळीवर पाणी भरत होते. संक्रांतीचा तीळगूळ डब्यात होता तेवढ्यात मतदान झाले, आणि शिगम्याला तेच लोक एका मांडावर नाचले. दंगल झाली नाही. रक्त सांडले ते वीस वर्षांनी, राजभाषेच्या आंदोलनात. म्हणजे जिथे प्रश्न लोकांना विचारला तिथे शांतता, आणि जिथे तो रस्त्यावर सोडला तिथे मृत्यू. या फरकाकडे आपण पाहतही नाही.

अस्मिताय दिनाच्या व्यासपीठांवरून आणखी एक वाक्य हमखास येते: विलीनीकरण झाले असते तर गोव्याच्या जमिनी परक्यांच्या घशात गेल्या असत्या. बरे. मग गेल्या नाहीत का? डोंगर कापून उभ्या राहिलेल्या सदनिकांची पाटी वाचा, फोन नंबर कुठल्या शहराचा आहे बघा. हे महाराष्ट्राने केले नाही. आपल्याच सह्यांनी झाले, आपल्याच पर्वरीत. नगर व ग्राम नियोजन कायद्यात २०२३ मध्ये १७(२) आणि २०२४ मध्ये ३९अ ही कलमे आली, शेताचा आणि ऑर्चर्डचा झोन बदलणे सोपे झाले. त्यावर गावे उठली, ग्रामसभांतून ठराव झाले, लोक उच्च न्यायालयात गेले. कुणी त्यांना आधी विचारले होते? ग्रामसभेत मी गेल्या पावसाळ्यात बसलो होतो. विषयपत्रिकेवर तेरा विषय, झोनबदलाचा बारावा. तिथपर्यंत पोचेस्तोवर गणपूर्ती संपली, खुर्च्या घडी घालायला पोरे आली. १६ जानेवारीचा वारसा सांगणारे दोन माजी सरपंच तोवर निघून गेले होते.

पुतळ्याच्या वादाचे तेवढे राहिले. पर्वरीच्या विधानसभा संकुलात भाऊसाहेबांचा पुतळा आहे, तिथे जॅक सिक्वेरांचाही असावा अशी मागणी होत असते आणि दर वेळी तिच्यावर गदारोळ होतो. माझ्या मते असावा. विरोधी पक्षनेत्याने लोकांकडे जायचा हट्ट धरला, तो सरकारला मान्य करावा लागला, आणि लोकांनी त्याच्या बाजूने उत्तर दिले, अशी उदाहरणे आपल्या लोकशाहीत बोटांवर मोजण्याइतकी. पण सिक्वेरांचा पुतळा उभारताना बांदोडकरांना खलनायक करू नये. कौल लागण्याआधी त्यांनी खुर्ची सोडली. निकाल विरुद्ध गेल्यावर त्यांनी पुन्हा विलीनीकरणासाठी गोवा पेटवला नाही. निवडणूक लढवली, जिंकले आणि शाळा, रस्ते, कुळे यांच्या कामाला लागले. कौल मागणारा जितका मोठा, तितकाच तो मानणारा. पुतळे शेजारी ठेवा.

माझे मामा फोंडा महालात मराठी शाळेचे मास्तर होते, पक्के फूलवाले. प्रचारात त्यांचा आवाज बसला होता असे आई सांगते. ते गेल्यावर त्यांच्या पेटीत जुनी पंचांगे निघाली. मास्तर पंचांगाच्या कडेला रोजचा जमाखर्च आणि दोन शब्द लिहीत. शके १८८८ च्या पंचांगात पौषाच्या पानावर पेन्सिलीने दोन आकडे आहेत, एकाखाली एक, आणि वजाबाकी. वजाबाकीत हातचा चुकला आहे, तो शाईने दुरुस्त केला आहे. खाली फक्त एवढेच: ‘हरलो. उद्या शाळा.’